अष्टमीची गैरहजेरी

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. सातला प्रार्थना, साडेअकराला सुट्टी. इतकी वर्षं झाली तरी पहिले चार दिवस माझी त्रेधा उडतेच. रिक्षावाला कामोठ्याच्या कोपऱ्यावर हॉर्न देत बसतो आणि मी एक चप्पल पायात घालून दुसरी शोधत असते. पण एकदा का रिक्षा गावाच्या रस्त्याला लागली आणि खाडीचा वास आला की खरी जाग येते. चिखलाचा, खारट, जरासा कुजका वास. बाहेरून येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला तो एरवी आवडतो, फक्त मार्चमध्ये नकोसा होतो.

यंदा सकाळची शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात पत्र आलं. सहावी ते आठवीच्या ज्या शाळा मागे पडल्या आहेत त्यांना सरकार विशेष मदत देणार. जादा शिक्षक, पुस्तकं, वाचनाचे वेगळे तास. यादीत आमची शाळा आहे, आणि मदत सुरू करण्यापूर्वी अधिकारी येऊन मुलांच्या वाचनाची पडताळणी करतील. पत्र मलाच उघडावं लागलं, कारण आता प्रभारी मुख्याध्यापिका मीच आहे. आमच्या शाळेत नवीन लागलेला एक शिक्षक आहे, उत्साही आहे बिचारा. तो म्हणाला, "मॅडम, यादीत आलो ते बरंच झालं की!" मी त्याला म्हटलं, अरे, आपण या यादीत पूर्वीही येऊन गेलोय. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

कोरोनाच्या आदल्या वर्षी आम्ही त्या यादीत होतो. आणि त्याच वर्षी त्या यादीतून बाहेरही पडलो. कसे बाहेर पडलो ते सांगायचं तर दर्शनापासून सांगावं लागेल.

आमची शाळा म्हणजे खाडीच्या बांधाला टेकून उभी असलेली पाच खोल्यांची इमारत. एके काळी इथे अख्ख्या गावाची पोरं शिकली. मग जमिनी विमानतळाला गेल्या, घरांवर मजले चढले, दारात गाड्या आल्या आणि गावातली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांत जायला लागली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेतच शिकली. आमच्याकडे उरली ती उलव्याच्या इमारतींवर काम करणाऱ्या मजुरांची मुलं, जी एका इमारतीचा स्लॅब पूर्ण झाला की दाखला घेऊन दुसरीकडे जातात, आणि बांधालगतच्या आठ-दहा घरांतली मुलं. या घरांकडे शेती कधीच नव्हती. त्यांचं सगळं खाडीवर, आणि खाडीचा सातबारा काही कुणाच्या नावावर नसतो. तेव्हा बाकीच्यांचं भलं झालं आणि ही घरं होती तिथेच राहिली.

दर्शना त्यातल्याच एका घरातली. सातवीत होती. उंच, सावळी, शेवटच्या बाकावर बसणारी. कालवं फोडून फोडून तिच्या बोटांवर बारीक चरे पडलेले असत. तिला वाचता येत नव्हतं. सुटी अक्षरं यायची, काना-मात्रा चाचपडत यायच्या, पण जोडाक्षर आलं की ती तिथे थांबायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. सात वर्षं शाळेत येऊन ही अवस्था. आम्हीच तिला दर वर्षी वरच्या वर्गात ढकलत आणलं होतं, त्यामुळे कुणाला बोल लावणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शिवाय ती सारखी गैरहजर. सुरुवातीला मी फार चिडायचे. एकदा तरातरा तिच्या घरी गेले. तिची आई गुलाबताई ओट्यावर शिंपल्या निवडत बसली होती, मांडीशी चार वर्षांची धाकटी. मी तोंडाचा पट्टा सुरू केला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "बाई, आमाशा-पुनवेला सकाली पानी लांब सुकतंय. तवाच शिंपल्या मिलतात. दोन हातांनी किती येचनार? म्हनून पोरीला नेतंय. अष्टमीला भांग असतो. पानी ना पुरं भरत, ना पुरं सुकत. सकाली तर खाडी भरलेलीच असते. त्या दिवसांना पोर तुमची. एक दिस घरी नाय ठेवत."

मी घरी येऊन कॅलेंडर पुढ्यात घेतलं आणि हजेरी ताडून पाहिली. अक्षरशः खरं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे ती नसायची आणि अष्टमीच्या आसपासचा एकही दिवस तिने चुकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि त्यावर पेन्सिलीने खुणा करायला लागले. नवा धडा घ्यायचा तो भांगाच्या दिवसांत, उजळणी उधाणाला. नोकरदार घरातली, डोंबिवलीत वाढलेली मी, भरती-ओहोटीचं गणित तोंडपाठ करून बसले. स्टाफरूममध्ये सगळे थट्टा करायचे, बाई आता होडी घेणार म्हणून. मला त्याचा अभिमान वाटायचा. तो आठवला की आज चेहरा लपवावासा वाटतो.

मदत आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. मदत म्हणजे स्नेहल. कामोठ्याची पोरगी, डीएड होऊन बसलेली, भरती नाही म्हणून क्लासेसमध्ये शिकवत होती. सरकारने तिला मानधनावर आमच्याकडे पाठवलं आणि तिच्यासोबत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी. सरकारी मदतीबद्दल आम्हा शिक्षकांचा अनुभव असा की रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मुलांना वाचता येत नाही म्हणून भिंती रंगवायच्या, बाक मोडलेत म्हणून प्रशिक्षणं घ्यायची. पण या वेळी औषध बरोबर रोग्याच्या तोंडात पडलं, हे मला कबूल केलंच पाहिजे.

स्नेहल वर्गात नाही, बाहेर ओट्यावर बसायची, थंडीच्या उन्हात. मुलांकडून शब्द मागायची आणि कार्डांवर लिहायची. मजुरांच्या मुलांनी तिला सेंट्रिंग, सळई, प्लायवूड दिलं. दर्शनाने चिंबोरी, निवटी, बोय, कालव. पहिले चार-पाच दिवस दर्शना नुसती बघत राहिली. मग एके दिवशी स्वतःच उठून माझ्या वर्गातलं कॅलेंडर काढून घेऊन गेली. तिथींवर बोट ठेवून तिने स्नेहलला विचारलं, "मॅडम, हे काय लिवलंय ते मला म्हाईत हाय. पन कसं लिवलंय ते सांगा." तिला कुठल्या चौकटीत कुठली तिथी हे पाठच होतं. आता ती त्या तिथीचं अक्षर ओळखायला लागली. पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी. सात वर्षं जिथे तिची गाडी अडली होती ती जोडाक्षरं तिला खाडीने सोडवून दिली.

त्या हिवाळ्याइतकं सुख मला नोकरीत पुन्हा मिळालं नाही. ओट्यावर ऊन, कुंपणाशी काटेसावरीला कळ्या, पलीकडे विमानतळासाठी टेकडी फोडणाऱ्या सुरुंगांचा अधूनमधून धडाम आवाज. तो आला की सगळी मुलं दचकायची, हसायची आणि बोट ठेवलेला शब्द हरवला म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायची. फेब्रुवारीत दर्शना वाक्य वाचत होती. हळू वाचायची, एकेक शब्द चाखून बघावा तशी, पण वाचायची. स्नेहल म्हणाली, "बाई, जूनपर्यंत उतारा वाचेल. बघाच तुम्ही."

जून यायला अवकाश होता. पडताळणी मार्चमध्ये होती.

म्हात्रेसर तेव्हा मुख्याध्यापक होते. याच शाळेत शिकलेले, इथेच मास्तर झालेले आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. शाळेची घंटा ते स्वतः पुसायचे. वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसांत एक कुजबुज सगळीकडे होती, की सुधारणा न दिसणाऱ्या शाळा बंद करून मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडणार. त्या हायवेवरून आमची मुलं चालत जातील हे कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हतं. सरांना रात्रंदिवस तेच. पडताळणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. चार नावं. तिसरं दर्शनाचं.

"ही चार उद्या नकोत," ते म्हणाले.

"सर, दर्शना वाक्य वाचते आता."

"उतारा वाचते का?"

मी चिठ्ठीची घडी घातली.

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार पोरं एक दिवस घरी राहिली तर कुणाचं काय जातं? शाळा राहिली तर परवा परत येतीलच की. तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा."

मी नाही म्हणू शकले असते. हे मी आज लिहिताना शहाणपणा म्हणून लिहीत नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं. पण मलाही शाळा बंद व्हायची भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, बदलीचीही. मी तिघांना काहीबाही सांगून वाटेला लावलं. मजुरांची मुलं ती, सुट्टी म्हटल्यावर आनंदाने उड्या मारत गेली. दर्शनाला मी वेगळं बोलावलं. तिच्यासाठी मी कारणही चांगलं शोधलं होतं. म्हटलं, "उद्या तू आईबरोबर खाडीवर जा हं. तिला मदत होईल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, कॅलेंडरकडे. दोन पावलं पुढे गेली, चौकटीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "अ-ष्ट-मी." अडखळली नाही. मग वळून म्हणाली, "बाई, उद्या अष्टमी हाय."

त्या दिवशी सकाळी खाडीवर काही नसतं. हे तिच्या आईने मला शिकवलं होतं आणि मी हजेरीशी ताडून पाहिलं होतं. आमच्या अख्ख्या शाळेत हे ठाऊक असलेली मी एकटी शिक्षिका, आणि खोटं बोलायला मला नेमकं तेच सापडलं. मी म्हटलं, "असू दे. जा तरी." तिने दप्तर उचललं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खाडी भरलेली होती. कुंपणापलीकडे, वीसेक पावलांवर, बांधावर दर्शना बसली होती. गणवेश नव्हता, पण दप्तर मांडीवर होतं. स्नेहलने ओट्यावरून तिला पाहिलं आणि हाक मारायला हात वर केला. मी तिचा हात धरून खाली ओढला. स्नेहलला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

अधिकारी भला माणूस होता. मुलांना घाबरवत नव्हता, चुकलं तर "पुन्हा बघू या" म्हणत होता. आमची निवडलेली मुलं धडाधड वाचून गेली. मधल्या वेळात तो बिनसाखरेचा चहा घेऊन ओट्यावर आला, माझ्याशेजारी उभा राहिला, आणि खाडीकडे बघत त्याने सहज विचारलं, "ती मुलगी आपल्या शाळेची का?"

"नाही हो," मी म्हटलं. "गावातली आहे."

हळूच म्हटलं. वारा वाहत होता. तिला ऐकू गेलं नसणार, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले आहे.

साडेअकराला घंटा झाली तेव्हा ती बांधावरून उठली आणि इतर मुलांबरोबर, पण त्यांच्यापासून थोडी लांब, घरी गेली. शाळा सुटल्यासारखी. तोवर ती तिथेच बसून होती, मार्चच्या उन्हात.

त्या संध्याकाळी स्नेहल माझ्याशी भांडली. "बाई, ती वाचली असती."

"आणि नसती वाचली तर?"

"तर नसती वाचली! मग त्यांना कळलं असतं की मी अजून इथे लागते. मी कशासाठी आले होते?"

निकाल आला, शाळेने उत्तम प्रगती केल्याचं पत्र आलं, म्हात्रेसरांनी पेढे वाटले. आणि पाठोपाठ दुसरं पत्र. आपली शाळा आता यादीत नसल्याने मदत दुसऱ्या गरजू शाळेकडे वळवण्यात येत आहे. त्या कागदाची चूक तरी कशी म्हणावी? सुधारलोय हे आम्हीच लिहून दिलं होतं. फार नापास दिसलात तर शाळा जाणार आणि पास दिसलात तर शिक्षिका जाणार, यांच्या मधे, "जूनपर्यंत येईल" असं लिहायला पडताळणीच्या तक्त्यात रकाना नव्हता. पण नव्हता तर आम्ही समासात लिहायला हवं होतं. आमच्यापैकी कुणी लिहिलं नाही. स्नेहल उरणकडच्या एका शाळेत गेली. पेटी राहिली, पण किल्ली तिच्याकडे. किल्ली तिच्याकडे राहून गेली असं आम्ही बरेच दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे ती कुणी मागितलीच नाही.

पडताळणीनंतर दर्शना आली नाही. मी अमावास्येपर्यंत काळजी केली नाही. म्हटलं, उधाण आहे, खाडीवर असेल. पुढच्या अष्टमीला बाक रिकामा राहिला. तेव्हा मी तिच्या घरी गेले. गुलाबताईने बसायला पाट दिला, चहा ठेवला. रागाचा एक शब्द नाही. "मी तिला मारून पाठवत होते बाई, पन ती नाय येत. तुमीच नको सांगलं ना तिला? मला वाटलं, नापास केली." आत मोरीत कुणीतरी पातेली घासत होतं. मी तिथे बसले होते तोवर तो आवाज थांबला नाही.

नंतर कोरोना आला आणि शाळाच बंद झाल्या. कुणी विचारलं की मुलं का गळाली, तर आम्ही सगळे कोरोनाचं नाव सांगतो. ते बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरंही आहे. दर्शना मात्र त्याच्या एक वर्ष आधीच गेली होती.

आता टेकडी राहिली नाही. सुरुंगांचा आवाज गेला आणि विमानांचा आला. मुलं दचकत नाहीत, वर बघून कंपनीची नावं ओळखतात. बांधाच्या अर्ध्या लांबीवर रस्त्याचा भराव पडलाय. म्हात्रेसर निवृत्त होऊन वारले. आणि दर्शनाची धाकटी बहीण, गुलाबताईच्या मांडीशी बसलेली ती पोर, साक्षी, माझ्या सहावीत आहे. शेवटून दुसऱ्या बाकावर. जोडाक्षर आलं की थांबते आणि खिडकीबाहेर बघते. मी तिची हजेरी तिथीशी ताडून पाहिलेली नाही. मला धीर झाला नाही.

परवा पडताळणीची तारीख कळली. मी वर्गात सांगितली, घरी सांगा म्हटलं. काल शाळा सुटताना फाटकाशी दर्शना उभी होती. आता वीस वर्षांची असेल. डोक्यावर ऊन, हातात मासळीची रिकामी पाटी. बाजार करून आली होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने साधेपणाने नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, ते तपासाया येनार हायत ना. त्या दिशी साक्षीला घरी ठेवायची ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी तो खाल्ला असता. ती नियम विचारत होती. शाळेत असं असतं, कच्च्या पोरांनी त्या दिवशी यायचं नसतं, एवढंच आम्ही तिला सात वर्षांत पक्कं शिकवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पाठव तिला. वाचेल तेवढं वाचेल. नाही आलं तर नाही आलं असंच लिहू."

तिने रिकामी पाटी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "त्या दिशी पुनव हाय. खाडी लांब सुकंल. आईला आता वाकाया होत नाय, हिचे हात लागतात." मग खाडीकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी एकटी येचीन. पाठवते."

साक्षी तिच्या मागे उभी राहून आमच्या दोघींकडे बघत होती. दर्शनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"पन कोनी इचारलं, तर आमच्या शालेची हाय म्हनून सांगाल ना, बाई?"

सकाळी वारा जमिनीकडून खाडीकडे जातो, शाळेकडून बांधाकडे; त्या अष्टमीलाही तसाच वाहत होता. तिथीचं कॅलेंडर ठेवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं.

"सांगेन," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली, आणि साक्षीचं दप्तर आपल्या खांद्याला लावून बांधाच्या वाटेने चालू लागली.